लोण्याचं रबर, वाफेचं रबर

१४ मे, बुधवार

दुकान आवरलं एकदाचं. कंबरेचा काटा ढिला झाला, पण आवरलं. एल्बियोच्या, माझ्या नवऱ्याच्या, खणांना मी लग्न झाल्यापासून नावं ठेवत आले, आज त्यांना हात लावता आला. लावता आला म्हणजे काय, तो अडवू शकला नाही, इतकंच.

काय ते खण! नळ्यांना, यंत्रांना बसवायच्या रबराच्या एकाच मापाच्या काळ्या रिंगा अर्ध्या या भिंतीला, अर्ध्या त्या भिंतीला. गिऱ्हाईक आलं की हा उठून एकदा इकडे जायचा, एकदा तिकडे. मी आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. माझी बटणं मापावर लावलेली असतात, डोळे मिटून हात घातला तरी हवं ते निघतं. तसंच केलं. एक माप, एक खण. खणांच्या कोपऱ्यांवर त्याने कुठे हिरवा, कुठे पांढरा रंग फासून ठेवला होता, तोही रॉकेलने घासून काढला. आता दुकान कसं दुकानासारखं दिसतंय.

एल्बियो खिडकीपाशी खुर्चीत बसून सगळं बघत होता आणि ‘नाही, नाही’ करत होता. पण फेब्रुवारीत कार्निव्हलच्या आठवड्यात झटका आला, तेव्हापासून त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द उरलाय. माते, आमचा तुंब्यातला कडू चहा, हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे झालेत. ज्याच्या बडबडीला अख्खं गाव वैतागलं होतं, तो हा माणूस. म्हणून तर ही वही धरलीय. दिवसभर बोलण्याची सवय झालेली बाई मी, एकदम गप्प बसून जगू कशी?

संध्याकाळी अनाईचा फोन आला. पोरीचं तेच पालुपद. “आई, दुकान विक आणि बाबांना इकडे मोंतेविदेओला आण. माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे. मागे बाग आहे. तू माझ्याकडे राहा, रोज जाऊन भेट.” बघू म्हटलं. अजून बघायची हिंमत होत नाही.

१७ मे, शनिवार

एल्बियोला रोज दुकानात घेऊन जाते. घरी एकटा ठेवायचा कसा? डॉक्टरांनी हातात दाबायला चेंडू दिलाय, तो त्याने आज रस्त्यावर फेकला. कुत्रं घेऊन पळालं. मी नुसती बघत राहिले, हसावं की रडावं कळेना.

आणि एक नवीन खूळ सुरू झालंय. खुर्ची सरकवत सरकवत खणांपाशी जातो, एक रिंग उचलतो, नाकाला लावतो. मग दाताखाली धरतो. मग खिशात टाकतो. घरी आल्यावर कोट काढला तर दोन्ही खिसे रिंगांनी भरलेले! तान्ही पोरं करतात तसं, दिसेल ते तोंडात. गिळली तर? मी दोन्ही खिसे एका वाडग्यात उलटे केले, धुतल्या सगळ्या, आणि दुकानात नेऊन आपापल्या मापाच्या खणात टाकल्या. तो बघत होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. झटक्यानंतर माणसं उगाच रडतात, असं डॉक्टर म्हणालेच होते.

२० मे, मंगळवार

रोज तेच. आज तर खुर्चीतून पडता पडता वाचला. चालतो फक्त डावा हात, आणि डाव्या हाताने हा उजव्या खिशापर्यंत पोचायला बघतो! अंगाला पीळ देऊन, धापा टाकत. म्हटलं, “अरे म्हाताऱ्या, डावा खिसा हाताशी आहे ना? टाक की त्यात काय टाकायचंय ते.” ऐकेल तर शपथ. काही रिंगा निमूटपणे डाव्या खिशात जातात, आणि काहींसाठी ही सर्कस. शेवटी मी कोटाचा उजवा खिसा टाके घालून बंद केला. त्याने टाके दाताने तोडले.

रात्री वाडग्यात सगळ्या एकत्र केल्या, सकाळी खणात. माझंही आता यंत्र झालंय.

२२ मे, गुरुवार

आज बरं वाटावं असं काहीतरी घडलं, आणि लगेच वाईटही.

रुबेन राइश आला होता, नदीकाठचा लोणी-चीजवाला. एल्बियोचा जुना दोस्त, इतका जुना की दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत तर गावाला वाटायचं, यांचं बिनसलं. त्याच्या साय काढायच्या यंत्राच्या रिंगा गेल्या होत्या. नेहमीसारखं बाईसाहेब म्हटल्यागत मला म्हणाला, “दोन्या झुल्मा, नेहमीच्या द्या.” मी माप बघितलं, खण उघडला, चार मोजून दिल्या. अर्ध्या मिनिटात! रुबेन म्हणाला, “वा, एल्बियो असता तर आधी अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं असतं.”

तेवढ्यात एल्बियो ओरडायला लागला. नाही, नाही, नाही! लाल झाला. उठायला गेला, तोल गेला, माते सांडला, तुंबा फुटला, गरम पाणी स्वतःच्याच मांडीवर. रुबेनने त्याला धरलं. एल्बियो त्याच्या हातातली पुडी ओढायला लागला. स्वतःच्या मित्राच्या हातातून, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या! मला इतकी लाज वाटली. पुडी सोडवून रुबेनच्या खिशात कोंबली आणि म्हटलं, “जा तुम्ही, मी बघते.” जाताना रुबेनने तोंड फिरवलं. डोळे पुसत होता बहुतेक.

मांडीला मलम लावलं. म्हटलं, “का रे असं करतोस? तुझंच दुकान चालवतेय ना मी?” तो भिंतीकडे बघत बसला.

२५ मे, रविवार

अनाई आली होती. येताना बसथांब्यावरून टोर्ता फ्रिता, त्या तळलेल्या पुऱ्या, घेऊन आली, गरम गरम, एल्बियोला आवडतात म्हणून. त्याने एक खाल्ली. मग कोटाच्या खिशातून एक काळी रिंग काढली, हुंगली, चावली, परत ठेवली. पोर बघतच राहिली.

भांडी घासताना म्हणाली, “आई, खरं सांगू? बाबा आता आपल्यात नाहीत गं. शरीर आहे फक्त.”

मी म्हटलं, “असं बोलू नये.”

“मग तू सांग, काय उरलंय त्यांच्यात? तुला ओळखतात का, तेही नक्की नाही. तू स्वतःला झिजवून घेतेयस. हात बघ तुझे. तुलाही काही झालं तर मी काय करू?”

ती रडायला लागली, तशी मीही. भांडं हातात तसंच. त्या जागेत पुढच्या रविवारी एक खोली रिकामी होतेय. शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.

मी हो म्हटलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला स्वतःला फसवता येणार नाही. हो म्हटलं. एल्बियो पलीकडच्या खोलीत रिंगा चावत बसला होता, आणि मी त्याला दुसऱ्यांच्या हवाली करायला हो म्हटलं. गेले चार महिने मी त्याच्या डोळ्यांत बघून शोधतेय की आत कोणी आहे का. आज थकले.

२९ मे, गुरुवार

आगीतून फुफाट्यात. नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दार उघडते तो रुबेन उभा. बुटांना साय लागलेली. काउंटरवर माझ्या चार रिंगा टाकल्या. त्यांना रिंगा तरी कसं म्हणावं! भिजवलेल्या वाटाण्यासारख्या फुगलेल्या, बुळबुळीत, एक तर मुडपून फाटलेली. आठवड्याची साय जमिनीवर वाहून गेली, म्हणाला. चिडला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“दोन्या, हे लोण्याचं रबर नाही. हे वाफेचं आहे.”

मी म्हटलं, “रबरात आणखी लोण्याचं आणि वाफेचं कसलं? काळं ते काळं.”

तेव्हा त्याने सांगितलं. झाडाच्या चिकाचं रबर आता सीलला कोण वापरतं? ही सगळी कारखान्यात बनवलेली, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एक असतं नायट्राइल. त्याला तेल, साय, लोणी काही करत नाही, पण वाफेत ठेवलं की कडक होऊन तडकतं. दुसरं ईपीडीएम. ते उकळत्या पाण्यात, वाफेत, कॉस्टिक सोड्याच्या धुण्यात वर्षभर मजेत राहतं. पण त्याला स्निग्ध पदार्थ लागू द्यायचा नाही, लागला की पिऊन पिऊन फुगतं. दिसायला दोघं जुळे भाऊ. “हे मला एल्बियोनेच शिकवलं. म्हणून तो वेगवेगळ्या भिंतींना ठेवायचा. हिरवा ठिपका लोण्याचा, पांढरा वाफेचा.”

माझ्या हाताला रॉकेलचा वास येतोय असं वाटलं.

मी खाली बसले. दोन आठवडे मी गावभर रिंगा विकतेय. कुठल्या कोणाला दिल्या, देव जाणे. रुबेनची साय गेली, ती भरून देता येईल. पण कुणाच्या वाफेच्या नळीवर लोण्याची रिंग बसली असली आणि ती तडकून कुणाच्या तोंडावर वाफ आली तर? सगळ्यांना फोन केले. एकेकाला सांगितलं, झुल्मा रोस्तानने घोळ घातलाय, तिच्याकडून घेतलेलं काही लावू नका, लावलं असलं तर काढा. सगळे म्हणाले, बरं बरं, एल्बियो कसा आहे? कुणी एक अक्षर वाकडं बोललं नाही.

दाराला पाटी लावली, बंद. अनाईचं तरी काय चुकलं? ज्याचं दुकान तो गेला, आणि जी उरली तिने दोन आठवड्यांत वाट लावली.

रुबेन जाताना म्हणाला, “फेकू मात्र नका काही. उद्या येतो, एक डोकं चालवलंय.”

३० मे, शुक्रवार

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येईल.

रुबेन दोन बादल्या घेऊन आला. त्याच्या चीजच्या हौदातली मिठवणी, ज्यात ते चीजच्या मोठ्या गोल वड्यांना पोहायला सोडतात. वर आणखी मीठ ओतून ढवळलं. मग खिशातून अंडं काढून आत सोडलं. ते तरंगून टोपीसारखं वर आलं. “आमच्या आजोबांपासूनची पद्धत,” म्हणाला. “अंडं इतकं वर आलं म्हणजे पाणी जड झालं. आता बघा, वाफेचं रबर वजनाला हलकं, ते तरंगायला हवं. लोण्याचं जड, ते बुडायला हवं. आजवर कधी करून बघितलं नाही हं. एल्बियोला कशाची गरजच पडायची नाही, तो नाकानेच सांगायचा.”

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. कप्पाळ माझं!

आधी त्या फुगलेल्या रिंगांच्या खणातली नवी भावंडं टाकली. बुडबुडे चिकटून सगळ्याच वर राहिल्या. मग मी साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळून परत टाकल्या. काही तरंगल्या, काही सरळ तळाला. आम्ही दोघं ओरडलोच! एल्बियो खुर्चीत पुढे वाकून बादलीकडे बघत होता, मान वाकडी करून.

तासाभरात कंबर मोडली. हजारो रिंगा, आणि प्रत्येक चोळायची. म्हटलं, याच्या कोटाच्या खिशातही आजच्या असतील, त्याही टाकून घेऊ. डाव्या खिशातल्या चोळून बादलीत सोडल्या.

सगळ्या तरंगल्या.

मग मी त्याचा उजवा खिसा रिकामा केला. तो खिसा, ज्याच्यापर्यंत पोचायला हा खुर्चीतून पडायला आला होता, ज्याला मी टाके घातले होते. चोळल्या, सोडल्या.

एकजात तळाला गेल्या.

रुबेन म्हणाला, “आईशप्पथ.” एवढा मोठा बाप्या, तोंडावर हात धरून उभा.

आणि मला एकदम सगळं दिसलं. पंधरा दिवस हा माणूस एका हाताने, वास घेऊन, चावून, अंगाला पीळ देऊन माझी चूक निस्तरत होता. वाफेच्या इकडे, लोण्याच्या तिकडे. आणि मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर दोन्ही खिसे एका वाडग्यात ओतत होते. रोज! तो रोज बघायचा. सकाळी परत सुरू करायचा. मी म्हणायचे, झटक्यानंतर माणसं उगाच रडतात.

त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. म्हटलं, “एल्बियो, मी मूर्ख आहे.” तो म्हणाला, “नाही.” पण त्याने असं बघितलं की मला कळलं, या वेळच्या नाहीचा अर्थ हो असा होता. मी हसायला लागले आणि हसता हसता त्याच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्याने डावा हात माझ्या केसांत ठेवला. रुबेन बिचारा बादलीत अंडं बुडवत बसला.

आत आहे तो. पूर्ण आहे. माझा एल्बियो आत बसून चार महिने दार ठोठावत होता.

३१ मे, शनिवार

अनाईला फोन केला, खोली नको म्हणाले. सगळं सांगितलं. अनाई म्हणाली, “आई, रिंगा ओळखता येणं म्हणजे बरं होणं नव्हे.”

“माहीत आहे मला.”

“ते बोलू लागणार नाहीत कदाचित. चालू लागणार नाहीत.”

“माहीत आहे गं. बरा होईल म्हणून मी ठेवत नाहीये. तो आहे म्हणून ठेवतेय.”

पोर हट्टी, बापावर गेलीय. उद्या स्वतः येऊन बघते म्हणाली, तोवर खोली तिने सोडलेली नाही.

१ जून, रविवार

अनाई आली ती तोंड फुगवूनच. काखेत थर्मास, हातात तुंबा, रस्ताभर मातेचं पाणी गळून कोटाची बाही ओली. मी तिला काही दाखवायला गेले नाही. हा काय सर्कशीतला प्राणी आहे, की खेळ करून दाखवायचा?

ती बापासमोर बसली. कधी नव्हे ते मला विचारण्याऐवजी त्यालाच विचारलं. “बाबा, मोंतेविदेओत तुमच्यासाठी एक खोली बघितलीय. तुम्हाला यायचंय का?”

“नाही,” एल्बियो म्हणाला.

“तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. मी कसं समजायचं?”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग थर्मासकडे. डाव्या हाताने तो ओढून घेतला, गुडघ्यांत दाबून धरला, झाकण फिरवलं. आतली रबराची रिंग नखाने उकरून काढली. हुंगली. आणि असं काही तोंड केलं! नाक आक्रसून, ओठ लोंबवून, जगातली सगळी भिकार रबरं त्याच्याच नाकाखाली आणून ठेवल्यासारखं. आणि रिंग दिली फेकून खिडकीबाहेर.

अनाई फसकन हसली. “आई! तेच तोंड! मी शाळेतून येताना फुटपाथवरची स्वस्त रबरी चप्पल घेऊन आले होते, तेव्हा अस्संच तोंड केलं होतं बाबांनी!” आणि मग ती बापाच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. तो तिच्या पाठीवर थापटत होता, चुकीच्या तालात, डाव्या हाताने.

दुपारी तिने त्या जागेला फोन करून खोली सोडली. मला म्हणाली, “हा आत्ता सुरू होतोय तो हिवाळा जाऊ दे, मग परत बोलू.” बरं म्हटलं. परत बोलायला काय जातंय? तेरा तारखेपासून दर शुक्रवारी येऊन दोन दिवस राहीन, तू झोप, असंही म्हणाली. त्याची मला गरज आहे, खोटं कशाला बोलू.

७ जून, शनिवार

दुकान उघडलं. खणांच्या कोपऱ्यांवर नव्याने रंग फासलाय, हिरवा आणि पांढरा, मीच. एल्बियोच्या खुर्चीपुढे दोन ताटल्या ठेवल्यात, त्यामुळे आता पीळ घालावा लागत नाही. तो हुंगून टाकतो, मी बादलीत तपासते. अर्ध्याहून अधिक खण लागले.

आज एक जाड रिंग आली. एल्बियोने हुंगली, चावली, वाफेच्या ताटलीत टाकली. मी मिठवणीत सोडली तर बुडाली. म्हटलं, ही लोण्याची. त्याच्या ताटलीतून काढून दुसरीत टाकली.

“नाही,” तो म्हणाला आणि परत इकडे.

“अरे बुडाली ना तुझ्या डोळ्यांदेखत!” परत तिकडे.

“नाही!” परत इकडे.

“बादली खोटं बोलते का?”

“नाही! नाही! नाही!” ताटलीवर मूठ आपटली, रिंगा दुकानभर. मीही आवाज चढवला. म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा, एकदा तरी म्हणालास का की झुल्मा, तुझं बरोबर आहे? तुझं नाक म्हणजे काय पोपचं फर्मान? बेकरीवाली मार्ता काय झालं म्हणून धावत आली. आम्हा दोघांना तोंडं लाल करून एका रिंगेवर भांडताना बघितलं आणि मुकाट्याने निघून गेली.

रिंग वाटीत, तेलात टाकून ठेवलीय. फुगली तर तो खरा, नाही फुगली तर मी. सकाळी कळेल.

फेब्रुवारीपासून मी त्याचा ताप बघितला, कपडे बदलले, घास भरवले, आणि तो निमूटपणे सगळं करू द्यायचा. आज सूप आणलं तर तोंड फिरवलं. ब्लँकेट घालायला गेले तर हात झटकला आणि माझ्याकडे पाठ करून झोपला.

रुसलाय. माझा नवरा माझ्यावर रुसलाय. मी पण काही आधी बोलायला जाणार नाही.